टोपीवाल्याचा पहिला नंबर

"मामा, विहिरीच्या पिक्चरला पहिला नंबर देऊ नका," सुकेशनी पुन्हा म्हणाली, तसा सितारामनं चहाचा कप खाली ठेवला. सुनेनं एकदा सांगितलं तर तो सल्ला आणि दोनदा सांगितलं तर आगाऊपणा, असं त्याचं साधं गणित होतं.

"कामून? तुज्या त्या जाणकारांनी शेवटाला टाकलाय म्हनून?"

"शेवटून दुसरा. लोकांच्या पसंतीत तो बराच वर आहे, पण..."

"मग झालं की! लोकाला आवडला त्योच खरा पिक्चर. जाणकार काय तंबूत बसले व्हते का शेंगा खात?"

सुकेशनी ताडकळसच्या शाळेत शिक्षिका. रविवारी दुपारी ती वस्तीतल्या समाजमंदिरात पिक्चर दाखवायची. या वेळी तिनं घोड्यावरचा, मोठ्या टोपीचा, अमेरिकेतला जुना नट घेतला होता. त्याचं खरं नाव ताडकळसच्या तोंडी कधी बसलंच नाही. गावात तो टोपीवालाच. त्याचे कोणते पिक्चर जगात जास्त चालले आणि कोणत्यांना जाणकारांनी नावाजलं, हे तिनं इंटरनेटवरून काढलं होतं. गावाचा नंबर सासऱ्यानं लावायचा आणि पहिला येईल तो पिक्चर सगळ्यांना दाखवायचा, असं ठरलं होतं. सासऱ्याला हा मान देण्याची हौस तिचीच होती, त्यामुळे आता मागं फिरणंही तिलाच जड जात होतं.

मान सितारामचाच होता, यात वाद नाही. पूर्वी सुगी झाली की बाजाराच्या मैदानात तात्यारावाची तंबू टॉकीज लागायची. इंग्रजी पिक्चर भाड्यानं स्वस्त मिळत, पण कळत कुणालाच नसत. मग तात्यारावानं एक दिवस पिक्चरचा आवाज बारीक केला आणि तिकिटं फाडणाऱ्या सितारामच्या हातात माइक दिला. सितारामचं इंग्रजी एबीसीडीच्या पुढं कधी गेलं नव्हतं. त्यानं काही बिघडलं नाही. पडद्याच्या कडेला लोकांकडं तोंड करून तो उभा राहायचा, तिरप्या नजरेनं चित्र बघायचा आणि तोंडाला येईल ते ठोकून द्यायचा. टोपीवाल्याला त्यानं बोरी गावात आई दिली, जिंतूरला मामा दिला. पिक्चरांची नावंही त्यानंच पाडली. त्यातला 'विहिरीचा राखणदार' सगळ्यात गाजला. दरोडेखोर गावाच्या विहिरीत विष कालवायला येतात आणि टोपीवाला एकेकाला लोळवतो. टोपीवाला बंदूक उचलायचा, सिताराम ओरडायचा, "हाण!" आणि सगळा तंबू टाळ्यांनी दणाणायचा.

तंबूत एक दोरी बांधलेली असे. तिकिटाचे पैसे सगळ्यांइतकेच द्यायचे, पण वस्तीतल्यांनी दोरीच्या अलीकडं बसायचं. सितारामच्या आवाजाला मात्र कुठली दोरी अडवत नव्हती. गावातली मोठमोठी माणसं त्याच्या एका शब्दावर हसत आणि एका शब्दावर गप्प होत. पुढं व्हिडिओ आले, तंबू गेला आणि सितारामनं उरलेलं आयुष्य मोंढ्यात हमाली करून काढलं. तरी अजून बाजारात कुणीतरी "काय टोपीवाले!" म्हणून हाक मारायचं, आणि तेवढ्यावर त्याचा आठवडा जायचा.

"मामा, त्यातलं बोलणं मी मराठीत उतरवलंय," सुकेशनीनं शेवटचा प्रयत्न केला. "ते तुम्ही सांगायचात तसं..."

"मला पिक्चर सांगायलीस व्हय? तुजा जलम बी झाला नव्हता तवा!"

ती कप उचलून आत गेली. तिनं आणखी काय करायला हवं होतं, असं विचारलं तर सांगता येणार नाही.

रविवारी समाजमंदिराच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. वस्तीतली म्हातारी माणसं झाडून आली. गावातून रामहरीही आला, मेंढरं भावाच्या गळ्यात मारून, खांद्यावर घोंगडी टाकून. एकेकाळी तो दोरीच्या पलीकडं बसायचा. आता सरजाबाईच्या शेजारीच टेकला. सरजाबाईला लांबचं दिसत नाही म्हणून तिला पुढं बसवलं होतं. वाचता तर तिला कधीच येत नव्हतं. सितारामनं आपला पहिला नंबर सांगून टाकला होता. तरी लोक तो बदलतील या आशेनं सुकेशनीनं पिक्चरांची नावं घेऊन हात वर करायला सांगितलं. विहिरीच्या पिक्चरला इतके हात वर झाले की मोजायचं कारणच पडलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेल्या सितारामनं मान वळवून सुनेकडं बघितलं. बघ म्हणावं तुझ्या जाणकारांना.

पिक्चर सुरू झाला. टोपीवाला बोलला आणि रामहरीनं तोंड वाकडं केलं.

"ह्यो टोपीवाल्याचा आवाजच न्हाई!"

सगळे हसले. सितारामही हसला. मग तो खाली येणारी मराठी अक्षरं वाचायला लागला. हा पिक्चर तो पहिल्यांदाच समोर बसून बघत होता. ओठ हलवत एक ओळ लावेपर्यंत ती पुसली जायची, तरी हळूहळू लागत गेलं. टोपीवाल्याला आई नव्हती. विहीर त्याची नव्हती, गावाचीही नव्हती. टेकडीपलीकडचे ते काळेसावळे, फाटक्या कपड्यातले लोक, ज्यांना त्यानं सुगीमागून सुगी दरोडेखोर म्हटलं, ते तिथं आधीपासून राहत होते. गाव नंतर आलं आणि विहिरीला कुंपण पडलं. कुंपणापाशी उभा राहून टोपीवाला गावकऱ्यांना काहीतरी म्हणाला आणि ते हसले. खाली अक्षरं आली: 'यांचा हात लागला तर पाणी बाटेल.'

सितारामला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्यानं मागं वळून बघितलं. सुकेशनी जमिनीकडं बघत होती. तेव्हा त्याला चहाच्या वेळचं तिचं बोलणं कळलं. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिनं त्याला दोनदा, तीनदा वाचवायला बघितलं होतं.

त्याला लाज वाटली. ती आधी सुनेची वाटली, मग शेजारी बसलेल्या माणसांची, आणि मग बापाची वाटायला लागली, तेव्हा त्याला बसवेना. बाप त्याच तंबूत दोरीच्या अलीकडं बसायचा. पोराच्या आवाजावर सगळ्यात आधी टाळी त्याची पडायची.

"बाई, त्ये इंग्रजी बंद करा वो!" रामहरी ओरडला. "सितारामला बोलू द्या. आता विहीर यायली."

"व्हय, सितारामभाऊ, तूच सांग," सरजाबाई म्हणाली. "मला काय बी कळंना झालंय."

माणसं एकदम त्याचं नाव घ्यायला लागली. सुकेशनी माइक घेऊन आली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"मामा, मी वायर उपसते. लाइट गेली म्हणू."

सोपं होतं. त्याहून सोपं म्हणजे जुनंच सांगणं. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना चष्म्यातूनही अक्षरं दिसत नव्हती. 'हाण!' म्हणायचा अवकाश, टाळ्या त्याच्याच होत्या. सितारामनं सुनेच्या हातातून माइक घेतला आणि सवयीनं पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. पण या वेळी त्यानं तोंड पडद्याकडं केलं.

पडद्यावर एक म्हातारा कुंपणाबाहेर येऊन थांबला. कमरेत वाकून त्यानं दोन्ही तळहातांची ओंजळ केली आणि पुढं धरली. हे सितारामला वाचावं लागलं नाही. वरून कुणी ओतावं म्हणून अशी ओंजळ धरलेला बाप त्यानं गावातल्या किती तरी दारांत बघितला होता. स्वतःही धरली होती. हीच ओंजळ तंबूत दर खेळाला त्याच्या डोळ्यांपुढून जायची आणि तो माइकवर सांगायचा, बघा, हातात विष हाय.

"बोल की," रामहरी म्हणाला.

"पानी मागायलाय," सिताराम म्हणाला.

"अरे विष! विष टाकायलाय. इसरलास का?"

"विष न्हाई, रामहरी. तवा बी नव्हतं. त्यो पानी मागायलाय."

"कोन? दरोडेखोर?" सरजाबाईनं विचारलं.

"दरोडेखोर न्हाईत त्ये. गावाभायेरचे लोक हायेत. आपल्यावानी."

टोपीवाल्यानं बंदूक उचलली. मागच्या ओळीत कुणाचे तरी हात सवयीनं वर आले आणि तसेच राहिले. गोळी सुटली. म्हातारा पडला.

सरजाबाईला पडलेला दिसला नसावा, पण आवाज ऐकू आला होता. 

"आन आमी टाळ्या वाजिवल्या," ती म्हणाली.

"व्हय."

"तू म्हनलास म्हनून."

"व्हय, सरजाबाई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला. रामहरीनं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. सुकेशनी पुढं आली, तिनं माइकसाठी हात पुढं केला. सितारामनं तो दिला नाही. पिक्चर अजून बराच बाकी होता आणि सरजाबाईला वाचता येत नव्हतं.

टोपीवाला पडलेल्या म्हाताऱ्याजवळून घोडा नेत काहीतरी बोलला. खाली अक्षरं उमटली. सितारामनं डोळे बारीक केले आणि प्रत्येक शब्द लावत, माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"असू दे तिथंच. याला पुरायची गरज नाही."

पदरचा एकही शब्द न घालता त्यानं ते वाचलं, आणि पुढच्या ओळीची वाट बघत उभा राहिला.