पाणंदीतला पाहुणा

खांब आला तेव्हा शेवंतीने त्याला कुंकू लावलं. नारळ फोडला. खड्डा खणणाऱ्या माणसांना घावणे आणि चहा दिला, आणि वर पदर खोचून सांगितलं, "पोटभर खावा रे. कितके वर्सांनी पावणो इलो माझ्या दारात."

पाहुणा खराच उशिरा आला होता. शेवंतीच्या घरापासून किनाऱ्याकडे जाणारी पाणंद म्हणजे दोन्ही अंगांना चिरे रचून केलेले गडगे, डोक्यावर माडांची झावळं, पायाखाली वाळू. पहाटे मासळीच्या लिलावाला निघालेल्या बायांना तिथे स्वतःचा हातही परक्याचा वाटायचा. म्हणून शेवंतीने दिव्यासाठी अर्ज केला. नगरपंचायतीतले साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, भिंतीचा रंगसुद्धा बदलला, पण अर्ज तसाच. कधी तो तालुक्याला जाऊन यायचा, कधी वरच्या मजल्यावर. माहेरवाशिणीसारखा फिरत होता बिचारा, कुठे चार दिवस, कुठे आठ.

आणि मग ऐन आषाढात, पाऊस नुसता ओतत असताना, खांब आला.

"गडग्याच्या आत लावायचा तर मालकाची संमती लागेल," मुकादम म्हणाला. "पाणंद तेवढी आमची."

शेवंती छत्री घेऊन पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. संमती म्हणजे अजून एक अर्ज, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "मगे मधीच पुरा," ती म्हणाली. "उजेड दोनय बाजूंक पडात."

मधोमध पुरला. सरळ, उंच, नवरदेवासारखा. दिवा मात्र नव्हता. दिव्याचं काम दुसऱ्या खात्याकडे.

शिवा, शेवंतीचा नवरा, तेव्हा बहिणीकडे आरोंद्याला भातलावणीसाठी गेला होता. परतल्यावर त्याने खांबाभोवती एक फेरी मारली, थोपटून बघितला आणि म्हणाला, "बरो आसा." त्यालाही काही सुचलं नाही. कसं सुचणार? पावसात होडी ही होडी राहतच नाही. वैशाखाच्या शेवटी सगळी आळी मिळून ती पाणंदीतून वर ओढते, अंगणात आणून ठेवते, वर विणलेल्या झावळांची झापं घालते, आणि मग ती अंगणातली एक म्हातारी होऊन बसते. कोंबड्या तिच्या पोटाखाली अंडी घालतात, मांजर व्यायचं तर तिच्यातच वितं, आणि दोन महिने तिच्याकडे बघून कुणाला दर्या आठवत नाही.

श्रावण लागला. ऊन-पावसाचा लपंडाव सुरू झाला. शिवाने झापं काढली, कोंबड्या हुसकल्या, फळ्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोळायला घेतलं. हात काळे, अंगणभर उग्र वास, आणि शिवाच्या तोंडी गुणगुण. होडी पुन्हा तरणी दिसायला लागली. नारळी पौर्णिमा तीन-चार दिवसांवर आली तेव्हा त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक सुंभ घेतला, होडीच्या पोटाला गुंडाळून माप घेतलं आणि पाणंदीत गेला. परत आला तो पायरीवर बसूनच राहिला.

"काय झाला हो?"

"तुझ्या पावण्याक विचार गो," शिवा म्हणाला, "जरा बाजूक सरतलो काय?"

शेवंतीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने पाणंदीकडे बघितलं. खांब उभा होता. एका अंगाने बैल जाईल, दुसऱ्या अंगाने बाई पाटी घेऊन जाईल. होडी कुठूनच जाणार नाही. घराच्या मागे विहीर, डाव्या हाताला पऱ्ह्याचा ओढा, उजव्या हाताला शेजारच्या भाईचा गडगा. वाट काय ती एकच, आणि त्या वाटेवर तिने स्वतः, छत्री धरून, हसत हसत, खांब उभा करून घेतला होता.

शिवा उठून पुन्हा फळ्यांना तेल चोळायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की पुढचे आठवडेच काय ते लहान होड्यांचे. बांगडा काठाशी येतो, पाणी अजून गढूळ असतं, मोठ्या बोटी नुकत्या कुठे हलू लागलेल्या असतात. तेवढे दिवस हुकले की वर्षभर दुसऱ्याच्या जाळ्याकडे बघत बसायचं. शिवा रिकाम्या हातांनी दुसऱ्याच्या होडीवर जाईल, आणि तेही तिच्यामुळे. शेवंतीला जेवण गेलं नाही.

सकाळी ती नगरपंचायतीत गेली. टेबलामागे धनेश बसला होता, नवा, तरुण, खारेपाटणहून बदलून आलेला. कचेरीत शिरताना शेवंतीने आपली भाषाही पदरासारखी सारखी केली.

"साहेब, आमच्या पाणंदीतला खांब काढायचा आहे."

धनेशने कागद चाळले. "हा खांब? अहो बाई, हा तर तुमच्याच अर्जावरून लावलाय."

"लावायचा अर्ज माझाच. पण माझी होडी अडकली आहे."

"दिवा लागला का त्याच्यावर?"

"नाही."

"मग काम अपूर्ण आहे," धनेश म्हणाला, जणू फार चांगली बातमी देत होता. "अपूर्ण कामावर हरकत घेता येत नाही. आधी दिवा लागू दे. काम पूर्ण झालं की तुम्ही हरकत घ्या. मग तो विषय सभेपुढे जाईल."

"सभा कधी?"

"चतुर्थीनंतर."

"आणि दिवा?"

"दिवा माझ्याकडे नाही."

शेवंतीने डोळे मिटले, उघडले. धनेश तसाच होता. त्याने जरा पुढे वाकून, मदतीच्या सुरात विचारलं, "होडी थोडी तिरकी करून जाणार नाही का?"

आणि शेवंतीची कचेरीतली भाषा तिथेच टेबलावर गळून पडली. "होडी म्हणजे काय साडी आसा रे, निऱ्यो घालून आखूड करूक?"

बाजूच्या टेबलावरची नम्रता तोंडात रुमाल कोंबून हसली. धनेशचे कान लाल झाले. मग तोही हळूच म्हणाला, "माका सगळा कळता गो बाय. पण माझ्या हातात काय नाय. मी खांब्याक हात लावलंय तर पुढच्या खांब्यावर माकाच टांगतले."

त्या दुपारी आळीतल्या बाया देवळात चतुर्थीच्या फुगड्यांची तालीम करत होत्या. शेवंती गेली, कारण घरी शिवाची गप्प पाठ बघवत नव्हती. गाणं जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुःख असो की राग, तिच्या तोंडून ते तालातच बाहेर पडायचं. फेर धरला आणि ती म्हणाली,

*खांबो इलो दारी गो, खांबो इलो दारी*
*काळोख आमच्या पाणंदीत, दिवो रवलो कचेरी*
*होडी बसली अंगणात, कोंबड्यांच्या शेजारी*
*दर्यान पाठवल्यान सांगणा, खंय गेली माझी नारी*

बाया हसून हसून खांबाला टेकल्या, देवळाच्या. शेवंती मात्र गाता गाता रडायला लागली. तेव्हा भाईच्या बायकोने, जानकीने, तिचे हात सोडले नाहीत. फुगडी थांबली तरी धरून ठेवले आणि कानाशी म्हणाली, "आमच्या परड्यातसून होडी व्हर मगे."

"तुझो घोव देतलो?"

जानकीने तिच्या डोळ्यांना आपला पदर लावला. भाईच्या परड्यातून, म्हणजे घराच्या आवारातून, किनारा सरळ उतारावर होता. पण मधे गडगा, आणि गडग्यात भाई आणि शिवाचं भांडण चिऱ्यांसारखं रचलेलं. कधीतरी एका पावसात गडगा पडला, पुन्हा रचताना तो वीतभर सरकला. शिवा म्हणे माझ्याकडे सरकला, भाई म्हणे माझ्याकडे. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. कोंबड्यांना आणि बायकांना मात्र तो गडगा कधी लागू नव्हता.

शेवंती सरळ भाईच्या ओटीवर गेली. भाई सुपारी कातरत बसला होता. तिने सगळं सांगितलं, छत्रीपासून साडीपर्यंत. भाई हसला नाही. अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाला, "माझ्या गोठ्याचा ऐकलंस?"

"नाय."

"कचेरीवाल्यांनी घराचो नंबर दिल्यानी तेका. दार आसा, खिडकी आसा, म्हणजे घरच, असा म्हणतत. आत कोण रवता, विचारल्यानी. मी म्हटलंय, मंगळी. तर आडनाव विचारल्यानी."

मंगळी ही भाईची म्हैस. शेवंतीला हसावं की नाही कळेना.

"तीनदा गेलंय थंय," भाई म्हणाला. "म्हणतत, रवणाऱ्यान स्वतः येवक होया. म्हशीक घेवन जिने चढू?" त्याने सुपारी तोंडात टाकली. "गडगो उघडतलंय मी. त्या खांब्याचो माज उतरांदे. पण शिवान येवन माका सांगूक होया. तू नाय, तो."

घरी शिवाने ऐकून घेतलं आणि मान फिरवली. "तेच्या दारात मी जावचंय नाय. होडी अंगणात पडून कुसली तरी चलात."

शेवंती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चूक माझी," ती म्हणाली. "खांबो मी दाखवलंय थंय पुरल्यानी. साहेबाच्या पाया पडाचा तर पडतलंय, भाईच्या पडाचा तर पडतलंय. माझो मान गेलो तर गेलो. पण होडी कुसली, तर ती मात्र तुमी कुसवलास. ता माझ्या माथ्यार नको."

शिवाने तिच्याकडे बघितलं. मग होडीकडे. तेल लावलेल्या फळ्या उन्हात चमकत होत्या आणि होडीच्या टोकाला, नाळेवर, एक कोंबडी येऊन पुन्हा बसली होती.

पौर्णिमेच्या सकाळी भरती चढायला लागली तसा शिवा गडग्यापाशी गेला. पलीकडे भाई दात घासत उभा होता, बराच वेळ, एकच दात घासत असल्यासारखा. शिवा खाकरला. माडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाला, "आज भरती बरी आसा."

भाईने चूळ भरली. त्यानेही माडाकडेच बघितलं. "मगे उभो कित्याक? चिरे आपणहून उडान जातले?"

झालं. एवढंच बोलणं झालं. आळी धावली. चिरे हातोहात उतरायला लागले, बायांची रांग एका बाजूला, पुरुषांची दुसऱ्या. चुन्याशिवाय, मातीशिवाय नुसता रचलेला गडगा. जेवढ्या सुखाने उभा राहतो तेवढ्याच सुखाने आडवा होतो. ओंडके आले, दोर आले, आणि शेवंतीने आवाज लावला,

*ओढ गो बाये ओढ* — हैश्या!
*गडग्याची गाठ सोड* — हैश्या!
*मानाचो नारळ फोड* — हैश्या!
*पाण्याची लागली ओढ* — हैश्या!

होडी हलली. अंगण सोडलं. खिंडारातून भाईच्या परड्यात शिरली तशी जानकी ओरडली, "सांभाळून रे, मिरच्यो माझ्यो!" कपडे वाळत घातलेली दोरी उचलून धरावी लागली, आणि भाईचा लेंगा होडीवरून निशाणासारखा गेला. गोठ्याच्या खिडकीतून मंगळीने मान बाहेर काढली आणि आपल्या घरासमोरून काय चाललंय ते रवंथ करत बघितलं. पाणंदीत खांब एकटाच उभा होता. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

उतार लागला तसा आवाज वाढला, पाय वाळूत रुतले, आणि एका क्षणी दोर सैल पडला. म्हणजे ओढायचं संपलं. लाट आली, होडीच्या पोटाखाली हात घालून तिने तिला उचललं, लेकराला उचलावं तसं. अंगणातली म्हातारी डोलली, वळली, आणि दर्याची झाली. शिवाने उडी मारून वल्हं धरलं. शेवंती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून नारळ सोडत होती, आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच गाणं फुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बांगडा आला. फार नाही, पण ताजा, निळा, डोळ्यांत अजून पाणी असलेला. एक वाटा भाईकडे गेला. गडगा मात्र उघडाच होता. शिवा आणि भाई दोघे खिंडाराशी उभे राहून मोठमोठ्याने भांडत होते. चिरे सगळे निघाल्यावर जुनी रेघ कुठे होती हेच कुणाला कळेना. "हयसर होती!" "तुझ्या डोळ्यांत होती!" इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं घागरीने ओतल्यासारखं चाललं होतं. शेवटी ठरलं की आत्ता रचून उपयोग नाही. वैशाखात होडी परत वर आणायचीच आहे, चिरे दोनदा कोण उचलणार? तोवर एक काटेरी झुडूप लावून ठेवायचं, म्हणजे मंगळी मिरच्यांत जाणार नाही.

भांडण संपवून भाई तसाच शेवंतीच्या ओटीवर आला. अंगात इस्त्रीचा सदरा.

"शेवंते, चल गो. नगरपंचायतीत. माझ्या गोठ्याचो अर्ज तू लिही. तुझो अर्ज लागू पडता."

शेवंतीने बांगडे साफ करता करता हात थांबवला. "माझ्या अर्जाक खांबो येता हां भाई. उद्या तुमच्या गोठ्यात आणून पुरतले."

भाईने सदऱ्याची बाही सारखी केली.

"पुरूंदेत," तो म्हणाला. "नायतरी मंगळीक बांधूक एक होयोच होतो."