ऐकतो कोण!

सुनेने ढिगातला बटाटा उचलला आणि तिचं बोट सरळ आत रुतलं. सालीखाली नुसता चिकट, करडा लगदा. तिने हात गोणपाटाला खसाखसा पुसला, पण वास जाईना.

"आतून सगळं नासलंय, बाबा."

सासरे नाकाला रुमाल लावून शेडच्या दारातच उभे होते. "जातं एखादं वर्ष असं. पुढच्या हंगामात बघ."

हेच ते मागच्या वर्षीही म्हणाले होते. थंडी आखडत चालली होती. रात्रीसुद्धा जमीन निवत नव्हती. निम्म्या रानात तीळ आणि ज्वारी घेऊ, म्हणून ती केव्हापासून मागे लागली होती. "तीळ? पाखरांना घालायला?" असं म्हणून सासरे तिला उडवून लावत. नवरा ताटातून मान वर काढत नसे.

दुपारी पेरणीचं ठरवायला सगळे शेतकरी गोदामात जमले. तिथेही सगळ्यांच्या कपड्यांना तोच कुजका दर्प.

"यंदा कोण काय घेणार?" कृषी अधिकाऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी घसा खाकरला.

"आम्ही निम्म्या रानात तीळ आणि ज्वारी घेतोय. रात्री जमीन निवत नाही, तर कंद पोसणार कसा? घरात कधीपासून सांगतोय मी. पण ऐकतो कोण!"

शब्द न् शब्द तिचा होता. नवऱ्याने सगळ्यांबरोबर मान डोलावली. तिच्या घशाशी आंबट आलं.

"काकांची नजर लांबची," अधिकारी म्हणाला. "आम्हीही तेच घेऊ," मागून दोघंतिघं बोलले. "काका, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं?"

सासऱ्यांची नजर गर्दीतून फिरत फिरत तिच्यावर येऊन थांबली. तिने त्यांना चांगलं ताटकळू दिलं.

"हातभर," ती म्हणाली. "आणि बाबा, उतारावर आधी पाणी मुरवायला चर खणायचे, असंही म्हणत होतात ना तुम्ही?"

चरांचा विषय घरात आजवर कुणी काढलाही नव्हता. सगळे सासऱ्यांकडे बघत होते.

"हो तर," ते म्हणाले. "चर... चर खणायचेच. त्याशिवाय पेरायचंच नाही."

अधिकाऱ्याने मान हलवली. ती उठून बाहेर गेली, भिंतीच्या कडेला थुंकली, आणि आत येऊन सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.