अडतीस बघे आणि एक बाजा

पप्पांचा बास इंटरनेटवर लिलावाला लावून तीन दिवस झाले होते, आणि अडतीस माणसं त्याच्याकडे नुसती बघत होती.

बास म्हणजे बँडमधला सगळ्यात मोठा पितळी बाजा. तो हातात धरत नाहीत, अंगात घालतात. त्याचं तोंड डोक्यावर असं उघडतं की लांबून वाटावं, माणसाला एका फुलाने गिळायला घेतलंय आणि मधेच फुलाचा विचार बदललाय. आमचे पप्पा, आल्बर्ट मास्तर, तीस वर्षं त्या फुलात राहिले. आमच्या निर्मळ गावाच्या आसपास ज्यांची लग्नं झाली, त्यातली निम्मी त्यांच्या बासावर झाली. २००६ साली डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "आता फुंकणं बंद. केकवरची मेणबत्तीसुद्धा दुसऱ्याने विझवायची."

पप्पांनी ऐकलं. बाजा विकायलाही तयार झाले. मला अट एकच घातली. "फ्लॉईड, बाजा वाजवणाऱ्याकडे गेला पाहिजे. शोभेला ठेवणाऱ्याकडे नाही."

नाक्यावर माझा सायबर कॅफे होता. तीन संगणक, त्यातला एक चालत होता आणि बाकीचे दोन मनाने चांगले होते. तिथूनच मी बास साइटवर चढवला. तिथे प्रत्येक वस्तूखाली दोन आकडे दिसत : बोली किती लागल्या आणि 'नजर ठेवा' हे बटण किती जणांनी दाबलं. आमच्या बोली शून्य. नजरा अडतीस. दहातला एक बघा शेवटी घेतोच, असं माझं मत होतं. त्याला आधार असा नव्हता, पण दहा हा आकडा मला पहिल्यापासून आवडतो.

पप्पांनी ते अडतीस फार मनावर घेतलं. ते रोज दाढी करून, बँडचा लाल कोट घालून कॅफेत यायचे आणि स्क्रीनसमोर ताठ बसायचे.

"पप्पा, त्यांना तुम्ही दिसत नाही."

"अडतीस माणसं बघतायत नि मी गंजीफ्रॉकवर बसू?"

चौथ्या दिवशी मटिल्डा मावशी टोपली घेऊन आली. मावशी अर्नाळ्याची. सकाळी किनाऱ्यावर होड्या लागल्या की माशांचा लिलाव ती पुकारते, आणि उरलेलं घेऊन बसने आमच्या गावात विकायला येते. तिचा लिलाव मी एकदा पाहिला होता. सरंग्यांच्या ढिगाभोवती सत्तर माणसं होती. पुढच्या रांगेतले ओरडत होते, ढकलत होते, वा वा म्हणत होते. मावशीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पार मागे एक माणूस समुद्राकडे तोंड करून दुसऱ्याशी जावयाबद्दल बोलत उभा होता. मावशीने भुवई उडवली. त्याने बोलणं न थांबवता मान वळवून कान खाजवला. सरंगे त्याचे झाले. जादूचे प्रयोग मी तिकीट काढून पाहिलेत, त्यात एवढी सफाई नव्हती.

"मास्तर, लग्न कोनाचं?" तिने कोटाकडे बघून विचारलं.

"लिलाव आहे, मटिल्डाबाई. अडतीस जण बघतायत."

"घेनारे किती?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी दहातला एक सांगितला.

"तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मंग बरोबर." तिने टोपली संगणकाशेजारी ठेवली. बोंबलांच्या वासाने नंबर लावून बसलेलं बाकीचं गिऱ्हाईक, म्हणजे एक जण, उठून गेला. "काय लिव्हलंयस ते वाच."

मी वाचलं. अप्रतिम, ऐतिहासिक, सुमधुर, नव्यासारखा.

"मासा ताजा ताजा म्हनून जो वरडतो, त्याच्याकडून तू घेतोस? कोनी काय इचारलंय का?"

तिघांनी विचारलं होतं. एका हॉटेलवाल्याने लिहिलं होतं : किती सुंदर, किती भव्य, आत बल्ब बसेल का, रिसेप्शनवर टांगायचा आहे. हे ऐकून पप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं. दुसऱ्याने शेवटचा भाव विचारला होता. तिसरा संगमनेरचा. त्याने नमस्कारसुद्धा न करता लिहिलं होतं : तिसरा पिस्टन अडकतो का? पोचे किती? सांधा कुठे झाळलाय? मला तो उद्धट वाटला म्हणून मी उत्तर दिलं नव्हतं.

मावशी पुढे सरकली. "हा कल्ले उघडून बघतोय. ज्याला घेयाचं नाय तो मासा हातात घेऊन छान म्हनतो. ज्याला घेयाचंय तो खोड काढतो. मास्तर, बाजात काय काय बिघाडलंय?"

"काही नाही," पप्पा म्हणाले.

"मास्तर, मी तुमच्या शेजारनीला मासे इकते. तिला सगळं म्हाईत असतं."

मग पप्पा बोलू लागले, आधी एकेक शब्द आणि मग थांबेनात. पावसाळ्यात तिसरा पिस्टन, म्हणजे बोटाखालची तिसरी कळ, अडकतो. तोंडाला मोठा पोचा आहे, १९८७ साली एका लग्नात नवऱ्या मुलाचा काका त्यात बसला होता, का ते त्यालाही सांगता आलं नाही. खालचा सांधा दोनदा सुटला आणि दोनदा झाळून जोडलाय. मी सगळं जसंच्या तसं टाकलं, काकासकट.

दुसऱ्या दिवशी अडतीसचे नऊ झाले.

दुपारी कुवेतहून माझ्या बहिणीचा, सुझानचा फोन आला. ती तिकडे नर्स आहे.

"पप्पांचा बाजा एवढा सीरियस आहे, हे मला का नाही सांगितलंस?"

चौकशीत निघालं की अडतीसपैकी चौदा नजरा तिच्या वॉर्डातल्या होत्या. घरच्या माणसासाठी प्रार्थना करायला सांगावं, तसं तिने सगळ्याजणींना बटण दाबायला सांगितलं होतं. नवीन मजकूर वाचून त्यांना वाटलं, आता काही उपयोग नाही.

"तुझ्या मावशीने माझा बाजार उठवला," पप्पा मला म्हणाले. संकट आलं की मावशी माझी होते.

संध्याकाळी पहिली बोली लागली. हॉटेलवाल्याची. त्याला पोच्याशी देणंघेणं नव्हतं, पोचा भिंतीकडे करता येतो. संगमनेरवाल्याला मी सविस्तर उत्तर पाठवलं होतं. त्याने पोचसुद्धा दिली नाही. आता रविवारी दुपारी चार वाजता लिलाव संपला की बास हॉटेलात जाणार आणि त्यात बल्ब लागणार. पप्पा जेवले नाहीत.

शनिवारी त्यांनी मावशीला रस्त्यात गाठलं. "मी बाजा मागे घेतो."

"बोली लागली ना?"

"लागली."

"मंग नाय. बोली लागल्यावर मासा मागं घेतला, तर उद्या किनाऱ्यावर माझ्यासमोर कोन उभा ऱ्हाईल? तो संगमनेरचा काय बोलला?"

"काहीच नाही. गप्प झाला."

"गप्प झाला?" मावशीने टोपली डोक्यावरून उतरवली. पहिल्यांदा ती खुशीत दिसली. "मास्तर, तुम्ही लय लोकांसमोर वाजवलंत, पन इकलं कधी नाय. घेनारा मानूस शेवटी पाठ फिरवून उभा असतो."

रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर मावशी मुद्दाम आली. पप्पा कोटात, मी घामात. चारला दहा मिनिटं होती. बोली एकच. चारला आठ मिनिटं असताना लाइट गेली.

त्या वर्षी लोडशेडिंगचं वेळापत्रक लोकांना बायबलच्या ओळींसारखं पाठ होतं. लिलावाची वेळ ठरवताना ते न पाहणारा निर्मळमध्ये मी एकटाच निघालो. आता दोन तास काही कळणार नव्हतं.

"आता?" पप्पांनी विचारलं.

"आता काय," मावशी म्हणाली, "मासा आपल्या हातातून गेलाय. कोनाच्या टोपलीत ते लाइट सांगंल." आणि प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून ती शांत झोपली. दोन तास. इतका विश्वास मी चर्चमध्येही कमी लोकांच्या तोंडावर पाहिलाय.

सहाला पंखा फिरला. संगणक सुरू व्हायला सात मिनिटं लागली. पप्पा उभे राहिले होते.

शेवटच्या चाळीस सेकंदांत दोन बोली लागल्या होत्या. एक संगमनेरची. मग हॉटेलवाला दचकून थोडा वर गेला असावा. पण संगमनेरवाल्याने आपला सगळ्यात वरचा आकडा आधीच टाकून ठेवला होता, तिथपर्यंत साइट त्याच्या वतीने आपोआप चढत होती. बास संगमनेरला गेला होता.

मी मावशीला हलवलं. "तोच, मावशी!"

"मंग कोन असनार," ती डोळे न उघडता म्हणाली.

पुढच्या रविवारी श्रीरंग नावाचा माणूस आमच्या अंगणात उभा होता. संगमनेरला त्याचा बँड होता. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, नऊतला तुमचा कितवा नंबर.

"कसला नंबर? ते नजरेचं बटण होय? ते नाही दाबलं कधी. कशाला दाखवायचं, आपल्याला पाहिजे म्हणून?"

म्हणजे अडतीसांत घेणारा नव्हताच. माझी दहाची थिअरी मी त्याच अंगणात मिटवली. मावशीकडे बघायची हिंमत झाली नाही; ती बघतच नव्हती, आमच्या शेजारणीला टोपलीतल्या मुडदुशा देत होती.

श्रीरंगने पोचा चाचपला, सांध्यावरून अंगठा फिरवला. छान म्हणाला नाही. पप्पा त्याच्याकडे आदराने बघत होते.

"वाजवणार कोण? तुम्ही?"

"मी क्लॅरोनेटवाला. हिच्यासाठी घेतलाय." त्याच्यामागून एक मुलगी पुढे आली. सोळा-सतरा वर्षांची उन्नती, अंगाने काडी. तिने वाकून बास अंगात घातला. वरून फूल आणि खालून चपला, एवढीच ती उरली.

"पेलेल?" पप्पांनी हळूच विचारलं.

तिने श्वास घेतला. तिच्याबरोबर पप्पांनीही घेतला, छाती फुगवून, डॉक्टरांनी नको सांगितला होता तेवढा. मग तो खोल सूर निघाला आणि अंगणातल्या केळीची पानं हलली, की मला तसं वाटलं.

तिसऱ्या पिस्टनवर सूर अडखळला. श्रीरंग काही म्हणायच्या आत पप्पा पुढे झाले, त्यांनी तिच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली.

"खांदा सैल सोड, बाय. आणि बोट दाबू नको, टेकव. हं. आता पुन्हा."