बिनआवाजाचा कूलर

"काका, या मशीनवर तुम्ही काम काय करता?" गुलजारने तिसऱ्यांदा विचारलं आणि या वेळी चांगलं ओरडून विचारलं.

ज्योतीराम पहिल्या दोन्ही वेळा नुसता हसून मान हलवत होता. ऐकू आलं नाही की हसून मान हलवायची, ही त्याची जुनी सवय. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागायचं.

"काय न्हाई," तो म्हणाला.

"गेमिंग? डिझाइन? टॅली?"

"काय न्हाई. निस्ता चालू ठेवायचा."

गुलजारने स्क्रू काढता काढता मान वर केली. पिंपरी कॅम्पातल्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. एक खाट टाकली तर माणसाला बाहेर उभं राहावं लागेल एवढंच. त्याच्याकडे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची, पण नुसता चालू ठेवायला कॉम्प्युटर दुरुस्त करून घेणारं हे पहिलंच. चादरीत गुंडाळलेला तो डबा या माणसाने कुरुळीहून बसमध्ये मांडीवर धरून आणला होता. कंडक्टरने खाली ठेवा म्हटलं तरी ठेवला नव्हता.

"चालू केला की जरा वेळानं आपोआप बंद पडतोय," ज्योतीराम म्हणाला.

"पडणारच ना. बघा हे." गुलजारने बाजूचा पत्रा काढून आत बोट दाखवलं. "हा प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकं. हे तापतं. त्याला थंड ठेवायला वर हा कूलर. ॲल्युमिनियमच्या पात्या आणि पंखा. तुमचा पार गेलाय. एक पिन तुटलीय, मधली पेस्ट सुकून चुना झालीय. डोकं तापलं की मशीन स्वतःच बंद होतं. हुशार असतं ते."

त्याने कूलर उचकटून काढला. पात्यांमध्ये धुळीचा थर बसला होता, जाड लोकरी नमद्यासारखा. ब्रश फिरवला तसा धुळीबरोबर एक लांब केस निघाला. पंख्याच्या दांडीला गुंडाळलेला. गुलजारने तो चिमटीत धरून ओढला, झटकला, आणि कूलर भंगाराच्या खोक्यात टाकला.

ज्योतीरामने केस पाहिला. केस गल्लीच्या वाऱ्याबरोबर गेला तेही पाहिलं. आत काही हललं नाही. हल्ली हलत नसे. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि त्याची लेक निशिगंधा गेली, तेव्हापासून त्याचं हे असं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, शिफ्ट चुकत नव्हती. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. तो खंबीर नव्हता. हाताला मुंग्या येऊन हात आपला वाटेनासा व्हावा, तसा तो सगळाच झाला होता.

"आता दोन प्रकार आहेत," गुलजारने दोन खोकी काउंटरवर ठेवली. "हा साधा. छोटा पंखा, कायम फुल स्पीडने पळतो. काम करतो, पण घरघर करतो. आणि हा टॉवर. तांब्याच्या नळ्या, मोठा पंखा, एकदम आरामात फिरतो. बिनआवाजाचा. रात्री उशाशी ठेवून झोपा."

"टिकंल कोणता?"

"टॉवर. प्रश्नच नाही."

"मग त्योच बसवा. चांगला असंल त्योच."

मुलीच्या वस्तूला हलकं काही लावायचं नाही, एवढं एकच त्याच्या मनात स्पष्ट होतं. गुलजारने टॉवर बसवला, मशीन चालू केलं. पुढचा निळा दिवा लागला. दोघे बराच वेळ उभे राहिले. मशीन बंद पडलं नाही.

"ऐका," गुलजार अभिमानाने म्हणाला. "काही ऐकू येतंय?"

"न्हाई," ज्योतीराम म्हणाला. त्याच्या दृष्टीने काहीच फरक पडला नव्हता.

चाकणच्या फोर्जिंग कारखान्यात तो हॅमरवर होता. लाल लोखंडावर टनांचा घाव पडायचा तिथे त्याची उमेदीची वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर कान गेले. दरवर्षी कंपनीत कानांची तपासणी व्हायची. डोक्याला हेडफोन लावून बसायचं आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. हॅमरवरची सगळीच मंडळी नर्सच्या तोंडाकडे बघून बटण दाबत. शिट्टी सोडताना तिची भुवई जराशी हलायची. नापास झालं तर हॅमरवरून काढून झाडलोटीला टाकतील, ही धास्ती. ज्योतीराम दरवर्षी भुवईवर पास झाला होता.

घरी आल्यावर त्याने डबा निशिगंधाच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि वायरी जोडल्या. ती एका टूलरूमसाठी डायची, म्हणजे लोखंडी साच्यांची, डिझाइनं करायची, बरंचसं काम घरूनच. तिचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. ज्योतीरामच्या बायकोचा, दुर्गाबाईचा, भाचा निरंजन म्हणाला होता, मी उघडून देतो. पण दुर्गाबाईने त्याला हात लावू दिला नाही. "तिच्या मागं तिच्या वस्तूत हात घालायचा न्हाई," म्हणाली. त्यामुळे पडद्यावर निशिगंधाचं नाव आणि खाली रिकामी चौकट, यापुढे तो कॉम्प्युटर कधी गेलाच नाही.

तरी रोज सकाळी केर काढून झाला की दुर्गाबाई त्याचं बटण दाबायची. पडदा थोड्या वेळाने काळा व्हायचा, डबा मात्र दिवसभर चालू. मग ती चूल-भांड्याला लागायची, दोन घास खायची, शेजारणीशी बोलायची. ज्योतीरामला वाटे, ती तो निळा दिवा बघते. देवापुढे समई असते तसं काहीतरी. डबा बंद पडायला लागला आणि दुर्गाबाईही बंद पडली. दिवसभर बटण दाबत बसायची. पीठ मळलेलं तसंच ताटात काळं पडायचं. बायकोही आता हातची जाते की काय, अशी भीती त्याला वाटली होती. या सगळ्या महिन्यांत त्याला खरोखर जाणवलेली गोष्ट ती एवढीच. म्हणून तर गुरुवारची सुट्टी आल्या आल्या त्याने डबा चादरीत बांधला होता.

"दाब," तो म्हणाला.

दुर्गाबाईने बटण दाबलं. निळा दिवा लागला. ती पदराला हात पुसत वाट बघत उभी राहिली.

"चालू कर की," ती म्हणाली.

"चालूच हाय."

"कुठं चालू हाय? बंदच हाय की."

"अगं, दिवा बघ. नवा कूलर हाय, लई भारी. आता बंद न्हाई पडायचा."

दुर्गाबाई डब्याजवळ गेली, कान लावला. मग खाली बसली. "आवाज कुठं गेला त्याचा?" ती म्हणाली.

ज्योतीरामला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. "कसला आवाज?"

"पंख्याचा आवाज, अवं! घुमायचा की दिसभर!" ती ओरडून म्हणाली. त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे, पण हे ओरडणं वेगळं होतं. "ती काम करायची तवा घुमायचा. भिंतीपल्याड मी सयपाक करत असले तरी मला कळायचं, लेकरू हाय आत. चहा प्यायला उठली की हळू व्हायचा, पुन्हा बसली की वाढायचा. तुमाला काय ठावं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्याच घरात इतकी वर्षं एक आवाज राहत होता, त्याच्या मुलीचा म्हणावा असा, आणि त्याची आणि आपली कधी गाठच पडली नाही. तो भिंतीला टेकून बसला.

"कसा यायचा?" त्याने विचारलं.

"काय?"

"आवाज. कसा यायचा?"

"गावाकडं पिठाची गिरणी चालू असली की लांबून येतो ना, तसा," ती म्हणाली. "बारीक. पर सारखा."

गिरणीचा आवाज त्याला आठवला. तो कान जायच्या आधीचा होता. आपण रडायला हवं, हे त्याला कळलं. पण रडू आलं नाही. त्याने उठून डब्याच्या वायरी काढल्या आणि चादर शोधली.

गुलजारने त्याला पुन्हा दारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "परत बंद पडला?"

"न्हाई. चांगला चालतोय. ह्यो काढा आन् साधा बसवा. आवाजाचा."

"काका, लोक आवाज येतो म्हणून भांडायला येतात इथे. तुम्ही उलटेच निघालात. मस्करी करता का?"

"जास्तीत जास्त आवाज करंल असा द्या."

गुलजारने हसत हसत शेजारच्या दुकानाकडे पाहिलं, हा नमुना दाखवायला कुणी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. "मशीन आहे कुणाचं?"

"पोरीचं."

"मग तिला विचारा ना आधी. तिला चालेल का घरघर?"

"चालायची तिला," ज्योतीराम म्हणाला.

गुलजारचं हसू तिथेच थांबलं. त्याने डबा हळूच आपल्याकडे ओढला. मग त्याने साध्या कूलरची दोन-चार खोकी फोडली, आणि एकेक पंखा जोडून काउंटरवर फिरवत राहिला. "सांगा, कोणता?" ओठ नीट दिसतील असा समोर वाकून तो म्हणाला. ज्योतीरामने प्रत्येक पंख्याच्या चौकटीवर तळवा टेकवला. हॅमरवर कान नसला तरी डाय ढिली झालेली तळपायाला कळते. इथे त्याने तळहाताला काम दिलं. तिसऱ्या पंख्यावर हात थांबला. बारीक, पण सारखा.

"ह्यो."

"हा सगळ्यात बेकार आहे," गुलजार म्हणाला. "मीच तो बाजूला टाकला होता." पण बसवला त्याने तोच, आणि टॉवरला लावला होता त्याहून जास्त वेळ लावून बसवला.

दिवेलागणीला डबा पुन्हा टेबलावर आला. दुर्गाबाई सुपात तांदूळ घेऊन दारात बसली होती. निवडत नव्हती, नुसती बसली होती. या वेळी बटण ज्योतीरामने दाबलं. निळा दिवा लागला. त्याने दिव्याकडे पाहिलंच नाही. नर्सच्या तोंडाकडे बघायचा तसा तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिची भुवई हलली. मग सगळा चेहरा सैल पडला. तिने डोळे मिटले, उघडले, आणि तिची बोटं आपोआप तांदळातला खडा शोधायला लागली.

"आला?" त्याने विचारलं.

"आला."

तो डब्याशेजारी स्टुलावर बसला. वरच्या पत्र्यावर त्याने हात ठेवला. पत्रा थरथरत होता, आणि ती थरथर तळहातातून मनगटापर्यंत येत होती. पावसाळ्यापासून, त्या एका भीतीखेरीज, त्याच्या आत काहीतरी पोचलं असेल तर ते एवढंच.

"तुमाला येतोय का ऐकू?" दुर्गाबाईने विचारलं. ती ओरडली नव्हती, पण ओठांवरून त्याला कळलं.

"येतोय की," तो म्हणाला. तपासणीत बटण दाबायचा तसंच, चटकन. आणि खोटं पकडलं जाईल म्हणून त्याने हात पत्र्यावरून उचलला.

दुर्गाबाईने त्या हाताकडे पाहिलं. सूप बाजूला ठेवून ती उठली, त्याचा हात धरला आणि परत डब्यावर टेकवला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.