तळाच्या फळीवरची बाटली

मी एक जुनी हिरवी बाटली आहे. मित्रांनो, तुम्ही लहान असाल तर माझ्यातली वाईन तुमच्यासाठी नव्हती. माझी गोष्ट मात्र खुशाल ऐका.

मी भट्टीत जन्मले. लालभडक काचेत यंत्राने फुंकर घातली आणि मला पोट आले, मान आली. मग एका थंडगार तळघरात माझ्यात पांढऱ्या द्राक्षांची वाईन भरली. त्या द्राक्षांनी टेकडीवरचे ऊन पाहिले होते, पहाटेचे धुके पाहिले होते. बूच लागल्यावर ते सारे माझ्या पोटात हळूहळू हलत राही. मला वाटे, आपण एक झोपलेली टेकडीच आहोत.

दुकानात मला तळाच्या फळीवर जागा मिळाली. वर सोनेरी अक्षरांच्या महागड्या बाटल्या ऐटीत उभ्या असत. गिऱ्हाइकांच्या नजरा तिकडेच जात, माझ्या वाट्याला त्यांचे बूट येत. अंगावर धूळ साचत गेली आणि मी स्वप्ने पाहत राहिले.

सणाच्या आदल्या संध्याकाळी पडदे शिवणारी एक बाई नवऱ्याबरोबर आली. दरवर्षी सणाचे जेवण तिच्या थोरल्या बहिणीकडे असे. यंदा त्या बहिणीचे यजमान वारले होते आणि ती सण करणारच नव्हती. तेव्हा धाकटीने हट्टाने तिला आपल्या दोन खोल्यांच्या घरी बोलावले होते.

"ती वरची लाल द्या," धाकटी म्हणाली. "भावोजी तीच आणायचे."

नवऱ्याने किंमत वाचून कान खाजवला. "अगं, जरा बेताची बघू या ना."

"नको. ताईला काही कमी वाटायला नको."

दुकानदाराने विचारले, "वहिनी, जेवायला काय करताय?"

"लिंबू-लसूण लावून भाजलेली कोंबडी."

"मग ती जड लाल कशाला? कोंबडीची चव दाबून टाकेल. लिंबाबरोबर हलकी, आंबटसर पांढरी बरी." त्याने वाकून मला उचलले आणि बाहीने पुसले. "स्वस्त आहे म्हणून नाक मुरडू नका. फक्त चांगली गार करा."

"मला आवडली," नवरा म्हणाला.

"चाखायच्या आधीच?"

"किंमत आवडली!"

धाकटीला हसू आले, पण घरी जाईपर्यंत तिने मला छातीशी घट्ट धरले होते. तिच्या काळजाची धडधड मला ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी मला बर्फाच्या बादलीत ठेवले. पाण्यातून स्वयंपाकघर तरंगताना दिसे. वाफा, दिवे, लगबगीने फिरणारी पावले, सगळे जणू स्वप्नातले.

ताई आली. कित्येक दिवसांत तिचे अन्नावर मन नव्हते. ताटासमोर ती नुसती बसून राहिली. धाकटीने तिचा पेला भरला.

"ताई, भावोजींसारखी नाही गं जमली मला."

ताईने एक घोट घेतला. मग आणखी एक घेतला.

"खरं सांगू?" ती हळूच म्हणाली. "त्यांची ती लाल वाईन मला कधीच आवडली नाही. त्यांचं मन मोडू नये म्हणून इतकी वर्षं प्यायले."

नवरा म्हणाला, "आणि ताई, आम्ही तुमचं मन मोडू नये म्हणून!"

ताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले. "आज असते तर चांगले रुसले असते," ती म्हणाली आणि डोळे पुसून तिने ताट पुढे केले. "वाढ गं, भूक लागलीय."

आता मी रिकामी आहे. धुऊन मला खिडकीत ठेवले आहे. सकाळचे ऊन माझ्यातून भिंतीवर हिरवेगार उतरते आणि मला पुन्हा झोप येऊ लागते.

मित्रांनो, जाता जाता एकच मागणे. आपल्या माणसांना प्रेमाने जेवायला बोलवा, ऐपतीप्रमाणे वाढा. पण त्याआधी जवळ बसून एकदा विचारा, "तुला स्वतःला काय आवडतं?" कितीतरी जण या प्रश्नाची वाट बघत मुकाट्याने जेवत असतात.