संत्र्याच्या सालींचा केक

ताईच्या वाढदिवसाला पाच आठवडे उरले होते आणि प्लंबरला केक शिकायचा होता. साधासुधा नाही. ताईनं चारचौघांत बोटं चाटली पाहिजेत, आणि मग त्यानं तिला सांगायचं, की तू काय खाल्लंस.

राग एका वर्षाचा होता. गेल्या वाढदिवसाला त्याच्या बायकोनं घरून केक करून नेला होता. शिळ्या पावाच्या कडा, काळी पडलेली केळी, संत्र्याच्या साली, जे उरेल त्यातून ती दर रविवारी केक करायची आणि वर म्हणायची, "बघा, घरात काही नव्हतं, तरी केवढं निघालं!" ताईनं डबा उघडला, नाक मुरडलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आमची भावजय उकिरड्यावर भट्टी लावते हो!" सगळे हसले. निघताना जिन्याखाली पहारेकऱ्याचा कुत्रा तोच केक खाताना दिसला. बायकोनं घरी येऊन भांडं घासलं, पुसून जागेवर ठेवलं. पाच महिन्यांनी ती वारली.

त्याचा पहिला केक विटेसारखा झाला. दुसरा मधोमध खचला. तिसरा दिसायला झकास, पण तोंडात घातला तर कडूजहर. त्यानं तो तुकडा शेजारच्या शिंपीणकाकूंना नेऊन दाखवला.

"साली किती वेळा उकळल्या?" काकूंनी विचारलं.

"एकदा. आणि ते पाणी पिठातच घातलं."

"का?"

"तिच्या घरात पाणी फेकायचं? तिनं चहाची पावडरसुद्धा कधी फेकली नाही, कुंड्यांना घातली."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, तीनदा उकळायच्या, दर वेळी नवं पाणी घेऊन. कडूपणा सगळा पाण्यात उतरतो."

"मग त्या पाण्याचं ती काय करायची?"

"ते तुम्ही सांगायचं. तीस वर्षं त्या घरात तुम्ही राहताय."

पुढच्या रविवारी पहिल्या उकळीचं पाणी हातात घेऊन तो मोरीपाशी उभा राहिला. वाफ नाकात गेली, आणि एकदम त्याला फरशी आठवली. दर रविवारी फरशीला हा वास यायचा. बाजारातून महागाचं काहीतरी आणते असं समजून एकदा तो तिच्यावर खेकसलाही होता. ती नुसती हसली होती.

त्यानं बादलीत ते पाणी ओतलं, फडकं बुडवलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही खोल्या पुसल्या. पलंगाखाली हात घालताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं गं, तू होतीस." रिकाम्या घरात ते फार मोठ्यानं ऐकू आलं. मग तो उठला, हात धुतले आणि ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आणून अंडी अशी फेटली की मनगट दुखायला लागलं.

पाचवा केक जमला.

गावातल्या सगळ्यात महागड्या बेकरीची मोरी तुंबली होती, ती त्यानं त्याच आठवड्यात मोकळी केली होती. जाता जाता एक कोरा खोका मागून आणला होता, सोनेरी फितीसकट. केक त्यात घातला आणि ताईच्या घरी टेबलावर नेऊन ठेवला.

"अगंबाई, त्या मोठ्या बेकरीतला!" ताईनं फीत ओळखली. "बायको गेली तसा हात सैल सुटला वाटतं तुझा."

तो दात दाबून हसला. "खाऊन तर बघ."

ताईनं खाल्लं. डोळे मिटले. "याला म्हणतात केक! सूनबाई, शीक जरा. संत्र्याचा स्वाद बघ कसा अलगद येतो." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मेव्हण्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.

"साली आहेत त्या, ताई," तो म्हणाला. "फळ मी चार दिवस आधीच खाल्लं. केळी भाजीवाला फेकत होता. बाकी शिळ्या पावाच्या कडा. घरी केला मी, तिच्या पद्धतीनं. उकिरड्यावरच्या भट्टीत."

मेव्हण्यांचा घास गालातच राहिला. ताईचा चेहरा लाल झाला, मग उतरला. प्लंबरला ते पाहून बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

"चारचौघांत माझं असं करायचं होतं तुला?" ती हळू आवाजात म्हणाली.

"तिचं तू चारचौघांतच केलं होतंस."

"ती काही बोलली नाही तेव्हा."

"म्हणून मी आलो."

"आज आलास!" ताईचा आवाज चढला. "त्या दिवशी कुठं होतास? इथंच, या खुर्चीत. ताट हातात होतं तुझ्या. मी बोलले तेव्हा तूही हसलास, रे. मी पाहिलंय."

त्याला ते नाकारता आलं असतं. पण ते खरं होतं. हसला होता तो. लहानपणापासून ताई जोक करायची आणि तो हसायचा, नाहीतर पुढचा जोक त्याच्यावर यायचा.

"हसलो," तो म्हणाला. "तुला भिऊन हसलो. तिनं पाहिलं असणार. तीस वर्षं तिनं उरल्यासुरल्यातून मला गोड खाऊ घातलं, आणि मी एकदाही तिला विचारलं नाही की हे करतेस कसं. तुझ्याइतकाच दोष माझा आहे. पण तुझा काही त्यानं कमी होत नाही, ताई. ताट संपव."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा चमचा उचलला. शेवटच्या कणापर्यंत तो तिच्यासमोर उभा राहिला, हलला नाही.

"तुझ्या बायकोचा हात चांगला होता," ती अखेर ताटाकडे बघत म्हणाली.

"मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं सांगितलं, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. मग त्यानं स्वतःसाठी एक मोठा तुकडा कापून घेतला, तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि सावकाश, एकेक घास चावून, खायला बसला.