खाणीच्या तळाची शांतता

तिसरा दिवस उजाडला तरी डबा ठार बहिरा.

कारापूरला पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवर सिद्धीचं ऑफिस. खाली पेंडीची पोती आणि वर दोन टेबलं, एक पंखा, दोन संगणक. तिच्या पडद्यावर ओमानमधल्या तांब्याच्या खाणीचा आलेख सरळ रेषेत झोपला होता. तिथल्या डंपरवर त्यांचा डबा बसवला होता. डब्याचं नाव 'साद'. डंपरांनी एकमेकांना आणि कंट्रोल रूमला पाठवलेले वायरलेस संदेश गोंगाटात फुटतात, तुकडे होतात. साद ते तुकडे ओळखून पुन्हा जोडायचा. त्याला कोणी नियम शिकवले नव्हते, उदाहरणं दाखवली होती. हा मोडका संदेश आणि हा त्याचा मूळ, अशी लाखो उदाहरणं. ती बघून यंत्र आपलं आपण शिकलं होतं. डिचोलीत तो फुटलेले शंभरातले सत्त्याण्णव संदेश जोडायचा. ओमानमध्ये शंभरातला एकही नाही.

"काय गो, काही दिसतंय?" फोनवर देवेश. तो पेडण्याचा, सिद्धीचा कॉलेजपासूनचा भागीदार. दोघांपैकी एकाच्याच तिकिटाची ऐपत होती म्हणून डबा घेऊन तो गेला आणि सिद्धी इथे राहिली.

"सरळ रेघ दिसतेय. मेलेल्या माणसाची असते तशी."

"उद्या साडेअकराला शेवटची चाचणी. सहाशे संदेश, त्यातले पाचशे ऐंशी मिळालेच पाहिजेत. नाही तर सालिमसाहेब म्हणाले, प्रेमानं निरोप देतो."

सालिम हा तिथला इंजिनियर, माणूस भला. पण भलेपणावर कोणी चाळीस डंपरचं कंत्राट देत नाही. आणि हे कंत्राट नाही मिळालं तर महिनाअखेर माडीला कुलूप. देवेशच्या खिशात बंगळुरूच्या नोकरीचं पत्र होतं, शुक्रवारपर्यंत उत्तर मागणारं. सिद्धीच्या टेबलावर आईनं आणून ठेवलेला सरकारी कारकुनाच्या परीक्षेचा अर्ज होता. पाचशे ऐंशी, नाही तर संपलं. हिशेब इतका साधा होता.

गोव्यात कोणी डबा घेतला नाही हे लपवण्यात अर्थ नाही. खाणी बंद, आणि जिथे चालू तिथे साहेबांना दिल्लीचं लेबल लागतं. पणजीच्या एका थाटाच्या कार्यक्रमात नवउद्योजकांना शाल, नारळ आणि भाषण मिळालं. समई पेटवणाऱ्या गृहस्थांनी देवेशकडे बघून विचारलं, "तांत्रिक बाजू कोण सांभाळतो?" सिद्धी म्हणाली, "मी." गृहस्थ हसले आणि तिच्या हातात दुसरा नारळ दिला. असल्या माणसांच्या जिवावर राज्य पुढे जातं म्हणे. म्हणून देवेश समुद्र ओलांडून गेला होता.

साडेबारा वाजता रेघ हलली.

सिद्धी खुर्चीतून उठलीच. संदेश येत होते! दहा, वीस, चाळीस. एकही फुटका नाही. तिनं फोन उचलला. "देवेश, काय केलंस?"

"काही नाही! इथे एक जण लोडरची बादली वेल्डिंग करतोय, त्याच्या ठिणग्या बघत बसलो होतो."

पाच मिनिटांनी रेघ पुन्हा झोपली.

"आता काय झालं?"

"तो चहाला गेला."

सिद्धी मग हळूच म्हणाली, "त्याला परत बोलव. कप हातातून काढून घे हवा तर."

देवेशनं फोनचा कॅमेरा फिरवला. काळा चष्मा कपाळावर ढकललेला, पन्नाशीचा, मिशीत चहा अडकलेला एक माणूस दिसला.

"कोण गो तू?" माणसानं थेट मालवणीत विचारलं.

"मी सिद्धी. कारापूरची. डिचोलीजवळ."

"कारापूर! अगो बाय, मी शांताराम. बांद्याचो. शिरगावच्या खाणीत धा वर्सां टिपर चालवलंय. खाण बंद झाली, टिपर दारात गंजलो, मगे हय वेल्डिंग करूक इलंय. तुमचो ह्यो पोरगो तीन दिस तोंड पाडून बसलो हा. जेवक पण नाय नीट."

"काका, चहा नंतर. वेल्डिंग चालू करा."

"बादली झाली जोडून."

"मग काही तरी मोडा आणि जोडा!"

शांताराम हसला, भंगारातली एक पट्टी उचलली आणि चष्मा खाली ओढला. निळी ठिणगी उडाली, रेघ उठली. ठिणगी विझली, रेघ झोपली. तीनदा केलं, तीनदा तेच.

सिद्धीनं कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती.

दोन वर्षांपूर्वी जुन्या जीपवर अँटेना बांधून ते दोघं उदाहरणं गोळा करत हिंडले. डिचोलीचं बसस्टँड, खडी फोडणारे क्रशर, वेल्डिंगची दुकानं, पोफळीच्या कुळागरातले पंप, चवथीच्या दिव्यांच्या माळा. जिथे हवेत सगळ्यात जास्त गोंधळ, तिथे ते उभे. पहिल्याच महिन्यात अँटेनाची वायर सैल झाली आणि तीन आठवडे रेकॉर्डर कोरा चालत राहिला. तीन आठवड्यांची मेहनत मातीत! तेव्हा संतापून सिद्धीनं प्रोग्रॅममध्ये एक नियम लिहिला. रेकॉर्डिंग फार स्वच्छ आलं तर समजायचं वायर निघाली आहे, ते फेकून द्यायचं. एवढी शांतता डिचोलीत असूच शकत नाही.

तो नियम डब्यात तसाच राहिला. आणि यंत्राला जन्मात एकदाही शांत हवा दाखवली गेली नाही. ओमानच्या उघड्या डोंगरात, जिथे मैलोन्‌मैल ना पंप, ना माळा, तिथे साद प्रत्येक चांगला संदेश वायर निघाली म्हणून फेकत होता. गोंगाटात वाढलेल्या पोराला शांत खोलीत झोप येऊ नये तसं झालं होतं.

"नियम काढून टाकते," ती म्हणाली आणि काढला. रेघ हलली खरी, पण शंभरात जेमतेम तीस. नियम काढला म्हणून शिक्षण होत नाही. शांतता काय असते हे यंत्राला ठाऊकच नव्हतं; धड संदेशही ते मोडका समजून जोडायला जायचं आणि बिघडवायचं.

देवेशचा आवाज खाली आला. "ऐक. उद्या चाचणी चालू असताना शांतारामकाका बाजूला वेल्डिंग करत राहतील. एक तासाचा प्रश्न आहे. सही झाली की महिनाभरात आपण सगळं नीट करू."

"आणि चाळीस डंपरमागे चाळीस वेल्डर पळवायचे?"

"सिद्धी, माझ्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ आहे."

"माहीत आहे मला. पण फसवून सही घ्यायची तर पणजीतच घेतली असती, तिथे त्याची सोय चांगली आहे. सालिमसाहेबांना आत्ता जाऊन सांग काय घोळ झाला ते. सगळं."

पलीकडून दगडाला लाथ मारल्याचा आवाज आला. मग देवेश म्हणाला, "तू ना, एक दिवस मला उपाशी मारणार." पण गेला.

परत आला तेव्हा शांतारामच आधी बोलला. "सायब हसलो गो! म्हणता, तीन दिस मी तुमका मुद्दाम शांत कोपरो दिलंय, लहान कंपनीक सोपा पडाचा म्हणून! उद्या साडेअकराचा साडेअकराच, पण आता कुठल्या कोपऱ्यात घेतलो ता सांगूचो नाय."

म्हणजे आता गोंगाट आणि शांतता दोन्हींची तयारी हवी. शांततेची उदाहरणं ओमानमध्ये ढिगानं होती, पण तिथल्या रडक्या नेटवर्कवरून तो ढीग पाठवायला आठवडा गेला असता. शिकलेल्या यंत्राची फाइल लहान असते, ती चटकन जाते. म्हणजे शिकवणी कारापुरातच, आणि शांतता आजच्या आज इथेच मिळवायची.

"मोरजी?" देवेश म्हणाला. "कासवांच्या किनाऱ्यावर?"

"तिथे कासवं बिचारी गप्प असतात, बाजूची रेस्टॉरंटं कुठे असतात! दहा वायफाय एकमेकांच्या उरावर बसलेत."

"अगो पोरी," शांताराम मध्येच म्हणाला, "शिरगावच्या त्या आमच्या जुन्या खाणीच्या तळाक जा. मॅचची शेवटची ओवर चालू आसायची, आणि टिपर खाली उतरलो की रेडियो मुको! कोण जिंकलो ता वर येईसर कळायचा नाय. धा वर्सां शिव्या घातलंय मी त्या खड्ड्याक."

सिद्धी त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या खड्ड्यानं ह्याचं पोट मारलं, त्याचा कानाकोपरा हा वाळवंटात बसून सांगत होता. सरकारी नकाशात असलं काही नसतं.

एकटीनं काम होणार नव्हतं. एकानं संदेश पाठवणारा डबा घेऊन चालायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. सिद्धी आईला घ्यायला घरी गेली. पद्मावती तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेली. वांग्याचे काप तळत होती.

"अर्ज भरलास?"

"आई, चप्पल घाल. खाणीत जायचंय."

"ह्या उन्हात? खाणीत काय पुरून ठेवलंयस?" असं म्हणतच तिनं गॅस बंद केला आणि काप डब्यात भरले.

खाणीच्या फाटकावर रखवालदार श्रीनाथ काठी आडवी धरून उभा राहिला. "परवानगीशिवाय सोडता येत नाही."

पद्मावती स्कूटरवरून उतरली. "श्रीनाथ का रे तू? माझ्या अंगणवाडीत खिचडी सांडून रडायचास तो?"

श्रीनाथची काठी आपोआप खाली आली. "बाई, तुम्ही?" त्यानं आपल्या साहेबाला फोन लावला, दोन तासांची परवानगी मिळवली आणि स्वतःच बरोबर निघाला. "पाण्याजवळ मात्र जायचं नाही हं, बाई."

लाल मातीच्या पायऱ्या उतरत ते तळाच्या कोरड्या टप्प्यावर पोचले. खाली हिरवं पाणी, चहूबाजूंनी लोखंडाच्या दगडाची उंच भिंत. सिद्धीनं पडदा उघडला. गोंगाटाची पट्टी, जी तिनं आयुष्यात कधी खाली आलेली पाहिली नव्हती, ती तळाला टेकली. तिनं सवयीनं वायर तपासली. वायर घट्ट होती.

"आई, चालायला लाग! भिंतीपर्यंत जा, मग परत!"

पद्मावती संदेश पाठवणारा डबा पोटाशी धरून चालू लागली. "हळू की जोरात?"

"कसंही! थांब. उजवीकडे. आता मागे!"

"तीस वर्षं पोरांना असंच रांगेत चालवलं गो मी," ती ओरडली. "आज पाप फिटलं!"

श्रीनाथ हसून हसून दगडावर बसला. मग त्यानंही तसाच एक डबा मागितला. दोघांची चाल वेगळी, वाटा वेगळ्या, आणि यंत्राला नेमकी तशीच विविधता हवी होती. परवानगीचे दोन तास सरले तेव्हा सिद्धीकडे बावीस हजार उदाहरणं होती. सगळी नितळ, त्या पाण्यासारखी. वांग्याचे काप तिघांनी तिथेच उभ्याउभ्या संपवले.

संगणक रात्रभर शिकत राहिला. सकाळी नऊला फाइल ओमानला गेली.

साडेअकराला माडीवर सिद्धी, आई, आणि पेंडीचं दुकान बंद करून वर आलेले दुकानदार जयरामकाका. पडद्यावर सालिम दिसला. त्यानं डंपर आधी क्रशरच्या तोंडाशी नेला, मग शांत डोंगरामागे, मग पुन्हा क्रशरकडे. रेघ चालत होती. सिद्धीनं आईचं मनगट इतकं दाबलं की बांगडी पिचली.

सहाशेवा संदेश गेला. सालिमनं कागदावरचा आकडा दोनदा वाचला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "पाँच सौ इक्यानवे. चालीस डब्बा. कब भेजेगा?"

जयरामकाका काहीच न कळता टाळ्या वाजवू लागले. पडद्यावर देवेश खिशातलं पत्र काढून त्याची होडी करत होता. वाळवंटात तिचा काय उपयोग ते त्यालाच ठाऊक.

"थांबा!" शांताराम पुढे आला. डोक्यावरची टोपी सारखी केली. "अशी कामां देवाक गाऱ्हाणा घातल्याशिवाय पुरी जायत नाय." आणि हात जोडून त्यानं खणखणीत सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरांनी परमुलखात आपला नाव राखल्यानी..."

"व्हय म्हाराजा!" माडीवरून पद्मावती.

"ह्यांचो डबो खंयच्याय देशात जावंदे, बहिरो होवचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवेश. सालिमला कोणी तरी अर्थ सांगितला असावा, कारण पुढच्या वेळी त्यानंही गंभीरपणे हात जोडले.

"ह्या सायबाचा भला कर, क्रशराची धूळ त्याच्या डोळ्यात घालू नको रे म्हाराजा!"

"वय माराजा!" सालिम.

शांतारामनं श्वास घेतला. "आणि उद्या ह्या सिद्धी चेडवाचा हपीस मोठा झाला, डबे बांधूक मोठी शेड इली, तर थंयसर एका बांद्याच्या वेल्डराक जागा मिळांदे रे म्हाराजा..."

बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आत सिद्धी खुर्ची मागे ढकलून उभी राहिली आणि खालची पोती हादरतील एवढ्या आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!"